चेहरा नसलेला फ्लेक्स

आमच्या गावात जुना फ्लेक्स उलटा टाकायची रीत होती. वाढदिवसाचे, निवडणुकीचे, तेरवीचे, दुकानाच्या उद्घाटनाचे फ्लेक्स शहरात उतरले की कुणाच्या ना कुणाच्या हाताने गावात येत आणि गोठ्यावर, कुटाराच्या म्हणजे भुशाच्या ढिगावर, सोंगून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्रीसारखे पसरले जात. पसरताना छापलेली बाजू खाली जायची, पांढरी वर राहायची. छापलेल्या बाजूवर माणसांचे चेहरे असत, कधी देवाचा. त्यावर पाय पडू नये, कोंबडीने घाण करू नये, एवढाच विचार. तेरवीचा फ्लेक्स असला तर आई आधी हात जोडायची आणि मग कडेला दगड ठेवायची. ही रीत मला कुणी शिकवली नाही. मी ती एकदाच मोडली.

गाव किन्हीराजापासून आत, पायी पाऊण तासाच्या वाटेवर. घरात आम्ही चौघं: बाबा, आई, माझ्याहून चार वर्षांनी मोठी वंदनाताई आणि मी. बाबांचं वावर नाल्याच्या काठाला, विहिरीसकट. त्याला लागून शेषरावकाकांचं. दोन वावरांमधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. धुऱ्याजवळ, आमच्या बाजूला, एक जुनी बाभूळ होती. सोंगणीच्या दिवसांत आम्ही तिच्या सावलीत बसून ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा खायचो. शेषरावकाका त्यांच्या विहिरीवर खायचे. ते सावलीला कधी आले नाहीत, आणि बाबांनी त्यांना कधी बोलावलं नाही. ‘आमच्या बाजूला’ हे शब्द मी तेव्हा विचार न करता वापरायचो.

ताईने कारंज्याला चित्रकला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाचं एक वर्ष केलं होतं. दुसऱ्या वर्षी बाबांनी तिचं नाव काढलं. कारण सांगितलं नाही. मग त्याच कारंज्यात ती एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनर म्हणून लागली. शिक्षणाला नाही म्हणणारे बाबा नोकरीला हो कसे म्हणाले, याचंही कारण कुणी विचारलं नाही. पहाटे पाचला आईच्या हातावर भाकर थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, साडेसातच्या एसटीला ताई फाट्यावर उभी असायची आणि दिवेलागणीला परत यायची. तिच्या ओढणीला शाईचा वास असे, रॉकेल आणि नेलपॉलिश एकत्र केल्यासारखा. आई तो वास घेऊन पाहायची. वास कशाचा आहे हे तिला माहीत होतं, तरी पाहायची.

कारंज्याच्या जुन्या कलाशिक्षकांनी ताईला एक जाड इंग्रजी पुस्तक दिलं होतं. युरोपातल्या आधुनिक चित्रकलेचा इतिहास. मजकूर आम्हाला कळत नव्हता, ताईलाही अर्धाच कळायचा. पण चित्रं रंगीत होती, आणि संध्याकाळी चुलीवर चून म्हणजे पिठलं रटरटत असताना ती आम्हाला ती दाखवायची. एका फ्रेंच माणसाने सगळी नदी आणि नदीवरची माणसं ठिपक्यांनी काढली होती. एका चित्रात बाईचा चेहरा समोरून आणि बाजूने एकाच वेळी दिसत होता.

“ह्या बाईले दोन नाकं काहून?” आईने विचारलं.

“एक समोरून दिसते, एक बाजूनं.”

“मंग आरशात पाह्यताना हिचं काय होत असन वं?”

ताई हसली. बाबा हसले नाहीत. ते पुस्तकापासून चार हात दूर बसून विचारायचे, “हे पुस्तक तुले कोनं देल्लं?” ताई सांगायची. आठ दिवसांनी ते पुन्हा विचारायचे. मला वाटतं, कधीतरी उत्तर बदलेल अशी त्यांना अपेक्षा होती.

ताईचं आवडतं चित्र वेगळंच होतं. हॉलंडच्या एका चित्रकाराचं. त्यात झाड नाही, माणूस नाही; पांढऱ्यावर जाड काळ्या रेघा आणि मधे लाल, पिवळे, निळे चौकोन. ताई म्हणायची, या माणसाने आधी झाडं काढली, मग झाडातलं एकेक कमी करत गेला आणि शेवटी फक्त रेघा उरल्या. एक रेघ बोटभर हलवली तर सगळं चित्र पडतं. तिला तसं काहीतरी कॉम्प्युटरवर करायचं होतं. अमरावतीला चित्रकलेच्या एका महाविद्यालयात कॉम्प्युटरवरच्या चित्रांचा नवा अभ्यासक्रम निघाला होता. नवा असल्यामुळे प्रवेश उशिरा, दिवाळीनंतर होते. मुलाखतीला स्वतःची पाच चित्रं न्यायची होती आणि अर्जावर वडिलांची सही लागत होती. ताई सहीबद्दल विचारायची तेव्हा बाबा म्हणायचे, “पाहू.” त्या वर्षी ताईचं वय, घरात येऊ लागलेली स्थळं आणि बाबांचं ‘पाहू’ हे एकत्र धरलं तर ही संधी गेली की पुढची येणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता. त्यांचा मुद्दा साधा होता: चित्र जर मशीन काढते, तर ताई दिवसभर काय करते? पोळ्यानंतर एका रविवारी ते मला गोठ्यात म्हणाले, “गज्या, उद्या कारंज्याले जाय. तिले सांगू नको. ती काय करून राह्यली ते पाह्यजो अन् मले सांगजो.” मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. मी एक वही सोबत घेतली. पुढे मी अनेक वर्षं बातमीदारी केली, माणसांची नावं लिहून घेतली, वेळा टिपल्या, न सांगता लोकांच्या मागे उभा राहिलो. त्याची सुरुवात सख्ख्या बहिणीवर पाळत ठेवण्यापासून झाली, हे इथे नोंदवून ठेवतो.

दुकान बाजाराच्या टोकाला होतं. मागे छपाईचं मशीन. त्याचं मुंडकं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकायचं आणि दर फेरीला खर्र-टक असा आवाज यायचा. दुकानाचे मालक इरफानभाई बाहेर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला ओळखलं. मी कशाला आलो हेही त्यांनी ओळखलं असावं.

“या भाऊ. बहिनीले पाह्यले आले का बहिनीवर नजर ठेवाले आले?”

आत एक गिऱ्हाईक ताईवर ओरडत होतं. त्याच्या नेत्याचा वाढदिवस होता. ताईने नेत्याचा चेहरा ठिपक्यांनी केला होता, त्या फ्रेंच माणसासारखा. दहा फूट रुंदीचा फ्लेक्स जमिनीवर पसरला होता आणि गिऱ्हाईक नेत्याच्या गालाजवळ उकिडवं बसलं होतं.

“डोये कुठी हाय भाऊचे?”

“दूर जा ना दादा,” ताई म्हणाली. “दुरून दिसते.”

“म्हंजे भाऊले जवळून पाह्याचंच नाई का कोनं?”

“तुमचे भाऊ दुरूनच बरे दिसते यार,” इरफानभाई बाहेरून म्हणाले, आणि गिऱ्हाईक हसलं, म्हणून प्रकरण मिटलं. फ्लेक्स दुसरा छापावा लागला. इरफानभाई मला म्हणाले, “लडकी हुशार हाय. पन गिऱ्हाईक पळोते.”

ते वहीत लिहून मी ताईच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. तिला कळलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर तिने दुसरी फाईल उघडली. पडद्यावर काळ्या रेघा आणि रंगीत चौकोन होते. टेबलावर की-बोर्डच्या खाली एक कागद पसरलेला होता. मी वाकून पाहिलं. तो आमच्या गावाचा नकाशा होता, सरकारी, गट नंबरांसकट, भूमी अभिलेखच्या शिक्क्याचा. समासात ताईच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं: विहीर ते बाभूळ, ११२ पावलं. ती पावलं माझी होती. पंधरा दिवसांपूर्वी तिने मला ती मोजायला सांगितली होती. चित्रासाठी पाहिजेत, म्हणाली होती. मी मोजून दिली होती आणि विसरून गेलो होतो.

“काहून आला तू?” तिने मागे न वळता विचारलं. पडद्याच्या काचेत मी दिसत होतो.

“सहज.”

“बाबानं पाठोलं.”

मी नाही म्हटलं. तिने विश्वास ठेवला नाही. तिचं बरोबर होतं.

घरी येऊन मी बाबांना पाहिलं तेवढं सांगितलं: मशीन छापतं, चित्र ताई काढते, दुकानात मालक बाहेर बसतो, आणि तिच्याजवळ गावाचा नकाशा आहे. पहिल्या तीन गोष्टी ऐकताना बाबा मान हलवत होते. नकाशाचं ऐकून त्यांची मान थांबली. “शिक्का हाय त्याच्यावर?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. जेवताना ते आईला म्हणाले, “पोट्टी हिस्सा मागनार हाय.” आई म्हणाली, “कायचा हिस्सा? चित्रं काढते ती.” बाबा म्हणाले, “चित्रं काढाले सरकारी नकाशा लागते का?” त्या दिवसापासून बाबा ताईच्या डब्याची पिशवी उचलून जागेवर ठेवताना ती हातात जरा जास्त वेळ धरायचे. हिस्सा हे कारण खोटं नव्हतं. तशी भीती तेव्हा घराघरात होती. पण ते पूर्ण कारण नव्हतं, हे मला कळायला वेळ लागला.

सोंगणी सुरू झाली त्या आठवड्यात ताई एक गुंडाळी घेऊन आली. फ्लेक्सचा रोल संपताना जो तुकडा उरतो त्यावर इरफानभाईंनी तिला तिचं चित्र छापून दिलं होतं. अंगणात आम्ही ते उघडलं. साधारण पलंगपोसाएवढं. एका कडेने निळा पट्टा तिरका गेलेला, जाड काळ्या रेघा, पांढरे, राखाडी, पिवळे चौकोन, आणि मधोमध एक मोठा लाल. लालमध्ये एक काळा ठिपका. लाल आणि पिवळ्याच्या मधे एक रेघ आणि तिला लागून, पिवळ्याच्या आत, एक छोटा राखाडी चौकोन. खरं सांगायचं तर मला ते पुस्तकातल्या चित्रापेक्षा चांगलं वाटलं. हे मी ताईला सांगितलं नाही.

“ह्याच्यात आपलं वावर कोनतं?” बाबांनी विचारलं.

“लाल.”

“अन् हे कायं टिपकं?”

“इहीर.”

“अन् हे टिकलं?”

“बाभूय.”

बाबा त्या राखाडी चौकोनाकडे पाहत राहिले. मग बैल सोडायचे आहेत म्हणून उठले. बैल मघाशीच सोडलेले होते. ताईने गुंडाळी करून ती आढ्याच्या लाकडावर, इतर जुन्या फ्लेक्सच्या शेजारी ठेवली. तिथे ठेवली हे तिनेच केलं. पुढे माझ्यावर संशय घेतला गेला म्हणून लिहितो.

चार दिवसांनी दुपारी आभाळ आलं. सोयाबीन सोंगून धुऱ्याजवळ सुडी लावलेली होती आणि झाकायला पुरेशी ताडपत्री नव्हती. बाबा गावात होते. आई ओरडली, “गज्या, फ्लेक्स आन!” मी धावत घरी गेलो, आढ्यावरून हाताला लागल्या त्या तीन गुंडाळ्या ओढल्या आणि सायकलवर टाकून वावरात आणल्या. पहिला एका सभेचा होता, चेहरे होते, तो उलटा टाकला. दुसरा कुणाच्या तेरवीचा, तोही उलटा. आई वाऱ्यातही हात जोडायला थांबली. तिसरा उघडला तेव्हा तो ताईचा आहे हे मला कळलं. पण थेंब पडू लागले होते. मी तो वरून टाकला आणि चारी बाजूंना दगड ठेवले. छापलेली बाजू वर राहिली. त्यात कुणाचा चेहरा नव्हता, देव नव्हता, उलटा करण्यासारखं काही नव्हतं. माझ्या हाताने तो उलटला नाही, इतकंच. पाऊस पाच मिनिटांत गेला. फ्लेक्स पडला तसा पडून राहिला, आणि तो असा पडला होता की चित्रातला नाला खऱ्या नाल्याच्या अंगाला आला होता. हेही मी ठरवून केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषरावकाकांच्या वावरात थ्रेशर चालू झाला. ट्रॅक्टरची घरघर, भुशाचा धुरळा, तोंडाला फडकी बांधलेली माणसं. काका स्वतः थ्रेशरच्या माथ्यावर उभे राहून पेंढ्या आत लोटत होते. तिथून आमची सुडी खाली दिसत होती.

“गज्या, हे कोन्या पार्टीचं हाय बे?” ते वरून ओरडले.

“कोन्याच पार्टीचं नाई काका. ताईनं काढलं.”

“फोटो नाई कोनाचा?”

“नाई.”

ते पुन्हा पेंढ्या लोटायला लागले. मग थांबले. फडकं तोंडावरून खाली केलं. “बंद कर रे मशीन,” ते ड्रायव्हरला म्हणाले. आवाज बंद झाल्यावर वावर एकदम मोठं वाटायला लागलं. काकांनी हातातल्या पेंढीने दाखवायला सुरुवात केली. “हा नाला. हे तुमची इहीर. हे वाट. हे पिवळं माहं.” त्यांनी चित्राकडे पाहिलं, मग धुऱ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. “अन् हे बारकं?”

मी सांगायला नको होतं. विचारलं की खरं सांगायचं, एवढीच माझी तेव्हाची समज होती. “बाभूय,” मी म्हटलं.

“बाभूय माह्यात हाय,” काका म्हणाले. ते मला उद्देशून नव्हतं. खरी बाभूळ तिथून वीस पावलांवर, आमच्या बाजूला, उभी होती. तिच्याखाली आमची भाकरीची शिदोरी टांगलेली होती.

त्यांनी फडकं पुन्हा तोंडावर ओढलं आणि मशीन चालू करायला सांगितलं. पण दुपारपर्यंत गावातून तीन माणसं आमच्या वावराकडे काही कारण नसताना येऊन गेली, आणि तिघांनीही सुडीभोवती फेरी मारली. संध्याकाळी बाबांनी फ्लेक्स काढून घरी आणला. तो कुणी टाकला, असा टाकला का, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं, मग ताईकडे. मीही ताईकडे पाहिलं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हिला हे सगळं माहीत होतं. नकाशा, पावलं, बाभूळ. सहीसाठी बाबांवर दाब आणायला तिने मांडलेला हा डाव होता. हा संशय मी नंतर कधी पूर्ण सोडला नाही.

सकाळी शेषरावकाका घरी आले. ताईची एसटी निघायची होती. ते मुद्दाम त्याआधी आले. आईने चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतला आणि बशी खाली ठेवली. बाबा ओट्यावर बसून दोर वळत होते.

“वंदे, एक इचारतो. खरं सांगजो.”

“इचारा ना काका.”

“ते चित्र नकाशावरून काढलं का मनानं?”

“नकाशावरून.”

बाबांचा हात थांबला. वळलेला दोर सैल होऊन उलटा फिरायला लागला.

“मंग धुरा नकाशात जिथी हाय, तिथीच तू काढला?”

ताईच्या खांद्यावर पिशवी होती. पिशवीत डबा आणि अमरावतीचा अर्ज, सहीशिवायचा. तिने पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली.

“नाई काका. ते रेघ मी सरकोली.”

“काहून?”

“लाल लई झालता. चित्र एका अंगानं दबून राह्यलं होतं. म्हनून पिवळं वाढोलं.”

“लाल लई झालता म्हनून वावर सरकोलं?”

“वावर नाई. रेघ.”

“अन् बाभूय?”

“रेघ सरकली, तं ते पिवळ्यात गेली.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं. माणूस खोटं बोलतोय हे आपल्याला माहीत आहे, पण खोटं असं की त्याला कुठून धरावं ते कळत नाही, तेव्हा जसं पाहतात तसं. मी पुढे न्यायालयात, पोलीस ठाण्यात, सभांमध्ये ती नजर पुष्कळदा पाहिली. मग ते बाबांकडे वळले.

“पाह्य गा, तुही पोरगी बसल्या जागी धुरा सरकोते. आपल्याले तं बैल जुपा लागते.”

बाबा म्हणाले, “चहा घे.”

“वावराच्या सरकारी मोजनीचा अर्ज लिहून आनला होता,” काका उठत म्हणाले आणि खिशावर हात ठेवला. “राहू देतो खिशात. सध्या.” चहा बशीतच राहिला.

ताईची एसटी चुकली होती. ती ओट्यावर बसली. बाबांनी दोर बाजूला ठेवला आणि विचारलं, “कुठी करा लागते सही?” तिने अर्ज काढला, जागा दाखवली. त्यांनी सही केली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. आई आनंदाने गुळाचा शिरा करायला आत गेली. शिरा चांगला झाला होता. त्यानंतर बाबांनी ते चित्र स्वतः गोठ्यावर नेऊन टाकलं. छापलेली बाजू खाली.

दिवाळीनंतर ताई अमरावतीला गेली. त्या उन्हाळ्यात बाबांनी नांगरट लवकर काढली. सलग तीन दिवस सकाळी ते एकटेच बैल घेऊन धुऱ्याशी होते. मला येऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा धुरा चार तास, म्हणजे नांगराच्या चार ओळी आत, आमच्या अंगाला, नवा घातलेला होता आणि बाभूळ त्याच्या पलीकडे होती. शेषरावकाका पलीकडून पाहत होते.

“काय गा,” ते बाबांना म्हणाले, “आता तुले कोनता रंग लई झाला?”

“उन्ह लागते. घरी जाय,” बाबा म्हणाले.

यावर आमच्या घरात कधी बोलणं झालं नाही. धुरा आधी कुणी सरकवला होता, बाबांनी की आजोबांनी, एका वर्षात की वर्षाला एक तास करत, हे मला माहीत नाही आणि सांगणारं आता कुणी नाही. त्या उन्हाळ्यापासून आम्ही भाकर विहिरीवर खायला लागलो.

बाबा गेल्यानंतर गोठा पाडून नवा बांधला, तेव्हा तो फ्लेक्स निघाला. वरची बाजू उन्हाने तडकून पापुद्रे सुटले होते. खालचं चित्र कालच छापल्यासारखं होतं. मी तोपर्यंत वर्तमानपत्राच्या कामानिमित्त भूमी अभिलेखच्या कार्यालयांत अनेकदा जाऊन आलो होतो. गावच्या नकाशाची नक्कल काढणं अवघड नव्हतं. मी ती काढली, एका रविवारी पट्टी घेऊन बसलो आणि दोन्ही जुळवून पाहिलं. प्रमाण धरून मोजलं. तीनदा मोजलं. ती रेघ नकाशात होती तिथेच होती. नकाशात झाडं नसतात. बाभूळ ताईने माझ्या पावलांवरून बसवली होती, आणि तीही बरोबर बसली होती. चित्रात काहीही सरकवलेलं नव्हतं.

गेल्या वर्षी नागपूरला ताईच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. ती आता अशा कॉम्प्युटरवरच्या चित्रांसाठी ओळखली जाते. चित्रं मोठी, चांगल्या कागदावर छापलेली, दिव्याखाली. पहिलंच आमच्या वावराचं ते चित्र होतं. मी जवळ गेलो, मग तिने त्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं तसा दूर गेलो. रेघ हलवलेली होती. पिवळं आकसलं होतं, लाल वाढलं होतं, आणि राखाडी चौकोन लालमध्ये होता. अमरावतीच्या मुलाखतीला तिने हेच नेलं होतं, असं खालच्या पाटीवरून कळलं. म्हणजे काका येऊन गेल्यावर, सही झाल्यावर, तिने कारंज्याला जाऊन फाईल बदलली होती. पुढे बाबांनी धुरा नकाशातल्या जागी नेला. हिच्या चित्रात तो बाबांनी आधी ठेवला होता तिथे कायमचा राहिला.

बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही उभे होतो. माझ्या पिशवीत नकाशाची नक्कल होती. ती काढायची गरज पडली नाही.

“ताई, ते रेघ तू तवा सरकोली नव्हती.”

“नव्हती,” ती म्हणाली. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. “मोजलं असन तू.”

“मोजलं.”

“वाटलंच. तीनदा मोजलं असन.” तिने चहा ढवळला. “आता मी इचारते. तू तो फ्लेक्स सुलटा काहून टाकला?”

मला प्रश्न लगेच कळला नाही.

“सुडीवर. उभ्या गावानं फ्लेक्स उलटा टाकला, तू सुलटा टाकला. नाला नाल्याकडं करून. पावलं तूच मोजली होती. नकाशा तूच पाह्यला होता. बाबाले जाऊन तूच सांगतलं होतं. तुले मालूम होतं का नाई, एवढं सांग मले.”

इतकी वर्षं मी तिच्यावर संशय घेतला होता. तितकीच वर्षं ती माझ्यावर घेत होती. माझ्याजवळ उत्तर होतं आणि ते खरं होतं.

“त्याच्यात कोनाचा चेहरा नव्हता,” मी म्हटलं. “म्हनून उलटा करायचं सुचलं नाई.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. शेषरावकाकांनी तिच्याकडे पाहिलं होतं तसंच. मग कप तोंडाला लावला.

“हो ना बाप्पा,” ती म्हणाली. “अन् लाल लई झालता.”